चार विसा

नमस्कार मंडळी.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर अ‍ॅबरिस्टविथला आम्ही राहायला गेलो त्याला आता सव्वा वर्ष झालं. इथं बर्मिंगहॅमला गाडीत बसलं की तीनेक तासांनी रूळच संपतात. पुढे गाव आणि गावापुढे समुद्र. मी मोहोळची, सोलापूर जिल्ह्यातली. पाऊस आला की कामं टाकून अंगणात येऊन बघणारी माणसं आम्ही. तिथं पहिल्याच आठवड्यात वाऱ्यानं दोन छत्र्या मोडल्या.

गेलो ते ऑगस्टमध्ये. गाव रिकामं होतं, तरी घर मिळेना. कॉलेजच्या गावात बरीच घरं विद्यार्थ्यांसाठी कितीतरी महिने आधीच ठरून जातात. बिऱ्हाड करून राहणाऱ्यांना उरलंसुरलं मिळतं. एका एजंटानं दोनदा हो म्हणून ऐनवेळी घर दुसऱ्याला दिलं. तीन आठवडे एका खोलीत, इलेक्ट्रिक कुकरवर खिचडी करून काढले. त्या दिवसांत मी यांना म्हणायची, "परत जाऊया." सप्टेंबर संपता संपता मुलं आली, गाव एकदम भरलं. डिसेंबरात पुन्हा ओस पडलं. गाव असं भरताना आणि ओसरताना पाहायची सवय व्हायला आम्हाला वर्ष लागलं.

यांचं काम विद्यापीठाच्या वनस्पती विभागात. आपल्या बाजरीवर तिथं संशोधन चालतं, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेबरोबर. हे विद्यापीठ १८७२ साली २६ विद्यार्थ्यांवर सुरू झालं, समुद्रासमोरच्या एका अर्धवट राहिलेल्या हॉटेलात. बांधणारा कर्जात बुडाला म्हणून ती इमारत १०,००० पौंडांना मिळाली. पुढे ते चालावं म्हणून चर्चमध्ये रविवारी झोळी फिरायची आणि शेतकरी, खाणकामगार त्यात आपली नाणी टाकायचे. हे ऐकलं तेव्हा मला कर्मवीर भाऊराव आठवले. रयतच्या वसतिगृहांसाठी बायकांनी दळणाआधी बाजूला काढलेलं मूठमूठ धान्य, तो मुष्टिफंड आठवला. माझे वडील रयतच्याच शाळेत शिकले. त्या दिवसापासून समुद्रावरची ती जुनी इमारत मला परकी वाटत नाही.

पण आज मला बोलायचंय ते मुलीच्या शाळेबद्दल.

आमची मुलगी सात वर्षांची. आमच्या भागातल्या सरकारी प्राथमिक शाळेत शिकवणं वेल्श भाषेत. आम्ही घाबरलो. इंग्रजीसाठी माणसं इतक्या लांब येतात आणि हिला तिसरीच भाषा? उशिरा आलेल्या मुलांच्या वेल्श वर्गात तिला घातलं, तेव्हा तिथल्या बाईंनी आम्हाला एकच गोष्ट बजावली. घरी तुमचीच भाषा बोला, अर्धीमुर्धी इंग्रजी नको. वेल्श भाषा या लोकांनी कशी राखली ते मला नंतर कळलं. १९३९ साली, युद्ध सुरू झालं तेव्हा, इवान अब ओवेन एडवर्ड्स यांनी याच गावात पहिली वेल्श माध्यमाची शाळा काढली. मुलं होती सात. १९६३च्या फेब्रुवारीत कोर्टाचं समन्स वेल्शमध्ये मिळावं म्हणून तरुण पोरंपोरी तिथल्याच ट्रेवेखनच्या पुलावर वाहतूक अडवून थंडीत बसली. आज त्या पुलावरून मी भाजी घेऊन येते, तेव्हा प्रत्येक पाटीवर दोन भाषा असतात. रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'अराव' लिहिलेलं असतं, म्हणजे हळू.

मुलीला सगळ्यात आधी काय जमलं सांगू? 'ती' आणि 'खी'. वेल्शमध्ये तू आणि तुम्ही वेगळे आहेत! इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना तिथं अडखळायला होतं. हिला काही सांगावंच लागलं नाही. बाईंना 'खी', मैत्रिणीला 'ती'. आजोबांना अहो-जाहो करायला घरात शिकलेली होतीच ना!

आणि एक दिवस ती शेजारच्या आजींकडून आली ती गोंधळूनच. शाळेत ऐंशी म्हणजे आठ दहा असं शिकवलेलं. आजींनी मात्र आपलं वय सांगितलं 'पेद्वार इगाइन'. पेद्वार म्हणजे चार, इगाइन म्हणजे वीस. चार वीस? मी हातातलं पीठ तसंच ठेवून खाली बसले. माझी आजी गोवऱ्या अशाच मोजायची, एक विसा, दोन विसा. चार विसा झाले की ऐंशी. मोहोळच्या अंगणानंतर तो शब्द मी कितीतरी वर्षांत उच्चारला नव्हता. त्या रात्री आम्ही आईला फोन लावला आणि पोरीनं सगळे विसे म्हणून दाखवले, मराठीत आणि वेल्शमध्ये. आई रडली. मीही.

सासूबाई उन्हाळ्यात दोन महिने राहून गेल्या. समुद्राकाठच्या रस्त्यावर टेकडीपर्यंत चालत जायचं आणि टोकाच्या कठड्याला पाय मारून परतायचं, अशी तिथली जुनी रीत आहे. सासूबाई रोज जायच्या, पण कठड्याला हात लावून नमस्कार करायच्या. आता मुलगीही तसंच करते. तिच्या वर्गातल्या दोघी-तिघीसुद्धा.

हिवाळ्यात या, अंधार पडायच्या थोडं आधी. १८६५ सालच्या धक्क्याखाली हजारो स्टार्लिंग पक्षी रात्रीला उतरतात. उतरण्याआधी आभाळात असे वळतात, की मला कापणीआधी ज्वारीवर येणाऱ्या भोरड्याच दिसतात. भोरडी याच पक्ष्याची चुलत बहीण. यांनी सांगितलं तेव्हा पटलं.

आमच्याकडे एक खोली मोकळी आहे. येताना फक्त ज्वारीचं पीठ आणा, तिथं मिळत नाही. भाकरी मी करते.