थॉमस जहाजाने आलेले मास्तर

ऑगस्ट 1901. मनिलाच्या बंदरात अमेरिकन लष्कराचं 'थॉमस' नावाचं जहाज लागलं आणि त्यातून सुमारे 500 शिक्षक उतरले, बरेचसे अगदी तरुण, बायका पण होत्या. पुढे सगळे त्यांना थॉमसाइट्सच म्हणायला लागले. आता एक गोष्ट आधीच बोलायला हवी, तेव्हा फिलिपिन्समध्ये अमेरिकेविरुद्ध लढाई अजून चालूच होती, आणि त्याच अमेरिकन सरकारने कायदा करून शाळांमध्ये इंग्रजी आणलं होतं. हे मास्तर स्वभावाने कितीही चांगले असले तरी आले ते राज्यकर्त्यांचेच म्हणून, हे बाजूला ठेवून त्यांची गोष्ट सांगणं मला तरी पटत नाही.

पोस्टिंग कुठे कुठे मिळाली, तर पार आडगावांत. 1902 मध्ये कॉलरा आला. काही आजाराने गेले, बरेच करार संपल्यावर परतले आणि काही मात्र तिथलेच झाले. नंतरही शिक्षक येत राहिले. हेन्री ओटली बेयर 1905 मध्ये आला, इफुगाओच्या डोंगरात शिकवलं, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. हार्टेनडॉर्प 1917 मध्ये मास्तर म्हणून आला आणि पुढे 'फिलिपिन मॅगझिन'चा संपादक झाला.

2 जानेवारी 1942 ला जपानी सैन्य मनिलात शिरलं. अमेरिकन, ब्रिटिश जे सापडले त्यांना तीन दिवसांचं खाणं-कपडे घ्या म्हणून सांगितलं आणि सांतो तोमास विद्यापीठाच्या आवारात नेऊन कोंडलं, ते 37 महिने. हजारो माणसं, वर्गांतच खाटा, जागा पुरेना म्हणून मैदानात झोपड्या. आणि तरीही कॅम्पात शाळा सुरू झाली, कारण मुलं होती आणि शिकवणारेही होते! बाहेरून फिलिपिनो मित्र, जुने नोकर, ओळखीचे लोक गेटवर डबे आणून द्यायचे, ज्यांच्यावर यांनी राज्य केलं तीच माणसं बरं का, आणि तेही जपान्यांच्या नजरेसमोर. 1944 च्या सुरुवातीला जपानी लष्कराने कॅम्पचा थेट ताबा घेतला आणि हे डबेही बंद केले. मग खरी उपासमार. मृत्यूच्या दाखल्यावर कुपोषण हे कारण लिहिलं आणि ते खोडायला नकार दिला म्हणून कॅम्पच्या डॉक्टरलाच कोठडीत टाकलं.

या सगळ्याची नोंद हार्टेनडॉर्प चोरून करत होता, सापडला असता तर काय झालं असतं विचार करा. 3 फेब्रुवारी 1945 ला अमेरिकन रणगाडे गेट तोडून आत आले. सुटलेले बहुतेक जण जहाजाने मायदेशी गेले, हार्टेनडॉर्प मात्र मनिलातच राहिला आणि त्याने तो इतिहास छापला.