रडू येईपर्यंत

(काळा पडदा. मग एका लहान मुलीचे हात, ताटलीतला मऊ भात चिवडणारे.)

या चित्रफितीत तिचा चेहरा दिसणार नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्या ७४व्या कलमाने मनाई आहे. आता ती दत्तक जाऊन कायद्याने एका घरची लेक झाली आहे, तरी आम्ही तो पडदा तसाच ठेवला. नावही सांगत नाही. वय अडीच वर्षं. भाषा मराठी, पुण्यातल्या, मुलांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत मावश्यांच्या तोंडून कानावर पडलेली. आणि घर उत्तर इटलीत, पिएमोन्ते प्रांतात, आल्प्सच्या पायथ्याच्या एका गावात.

भारतातून परदेशी दत्तक जाणारी मुलं संख्येने फार नाहीत. २०२३-२४मध्ये देशात कायदेशीर मार्गाने ४,००९ मुलं दत्तक गेली, त्यांतली ४४९ परदेशात. नियमाने आधी विचार होतो तो भारतात राहणाऱ्या आणि अनिवासी भारतीय पालकांचा. त्यांच्यापैकी कोणी पुढे आलं नाही की मग परदेशी पालकांचा. त्यामुळे अमेरिका, इटली, स्पेन इथे जाणाऱ्यांत टाळू दुभंगलेली, हृदयाला छिद्र असलेली, कमी ऐकू येणारी, किंवा नुसती वयाने मोठी झालेली मुलं पुष्कळ असतात. हिच्या वरच्या ओठावर शस्त्रक्रियेचा बारीक व्रण आहे. एवढ्याशा व्रणासाठी तिला इतक्या लांब जावं लागलं. ती का गेली, हे इटलीला विचारून उपयोग नाही. ते आपण आपल्याच घरांत विचारायचं आहे.

(कागदांचा गठ्ठा. शिक्के. एक पारपत्र, त्यावर बोटभर लहान सही नाही, अंगठा.)

कागदपत्रांचा प्रवास लांबलचक असतो, आणि तो तसाच असावा. एके काळी मुलं फारशा चौकशीशिवाय परदेशी जात. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली त्याला नियमांची चौकट घातली. १९९०मध्ये केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन संस्था, म्हणजे सगळे जिला ‘कारा’ म्हणतात ती, उभी राहिली. २००३ साली भारताने आंतरदेशीय दत्तकाच्या हेग कराराला मान्यता दिली. या मुलीच्या आईबाबांना आधी तुरीनच्या बाल न्यायालयाकडून पालक होण्यास योग्य असल्याचा निर्णय मिळवावा लागला. मग गृहभेटीचा अहवाल, काराचं ना हरकत पत्र, आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. सप्टेंबर २०२२पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

पण आम्ही इथे आलो ते कागदांसाठी नाही. आदेशावर सही होते त्या दिवशी मोठ्यांचं वाट पाहणं संपतं. मुलाचं त्या दिवशी जे होतं, ते पाहायला आलो.

(संस्थेचं अंगण. दोरीवर वाळत घातलेली झबली. मागून मुलांचा गलका.)

जायच्या आधी महिनाभर तिला एक छोटा अल्बम दाखवत होते. ही आई, हे बाबा, हा कुत्रा, ही तुझी गादी. मावश्या रोज पानं उलटून दाखवायच्या. व्हिडिओ कॉलवर ती बोट दाखवून ‘आई’ म्हणायची आणि सगळ्यांना वाटायचं, झाली तयार. पण अडीच वर्षांच्या मुलाला फोटोतली आई आणि आपल्याला उचलून विमानात बसणारी बाई यांचा संबंध कसा लागणार? निघताना ज्या मावशीने तिला तान्हेपणापासून सांभाळलं, तिने तिच्या केसांना तेल लावलं, दोन शेंड्या घातल्या. ‘आईबरोबर जा हं बाळा, मावशी टाटा करते,’ एवढंच म्हणाली. हा निरोप उघडपणे व्हायला हवा. मूल झोपलेलं असताना गुपचूप उचलून नेणं सोपं पडतं, पण मग जाग आल्यावर त्याच्या लेखी सगळं जग आपोआप नाहीसं झालेलं असतं, आणि पुढे ते डोळे मिटायलाच घाबरतं.

आईने संस्थेकडून एक गोष्ट मागून घेतली होती: तिची रोजची गोधडी, न धुतलेली. तिथला साबण, तिथलं खोबरेल, तिथला वास. इटलीतल्या घरी आल्यावरही कितीतरी आठवडे ती गोधडी धुतली नाही.

(विमानाची खिडकी. मग बर्फाने पांढरा झालेला रस्ता.)

विमानात ती रडली नाही. घरी आल्यावरही नाही. खाऊ घातलं की खायची, झोपवलं की डोळे मिटायची, जिथे बसवलं तिथे बसायची. शेजारची बाई आली, तर तिच्याकडेही हात पसरून गेली. टपाल घेऊन आलेल्या माणसाच्या कडेवरसुद्धा बसली. ज्याने त्याने कौतुक केलं. किती गुणी पोर, किती लवकर रुळली!

इथे आपण थांबू या, कारण दत्तकाच्या घरात हमखास फसवणारी जागा हीच आहे.

१९४०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या रुग्णालयांत जेम्स रॉबर्टसन नावाचे समाजकार्यकर्ते लहान मुलांचं निरीक्षण करत होते. तेव्हा आईवडिलांना भेटायला फार थोडा वेळ मिळे. मूल आधी आकांत करायचं, आईला हाका मारायचं. काही दिवसांनी गप्प व्हायचं, आणि परिचारिका म्हणायच्या, आता सवय झाली. रॉबर्टसन यांच्या लक्षात आलं की मुलाने आशा सोडलेली असते. त्यापुढे आणखी एक टप्पा येतो: मूल हसतं, खेळतं, कोणाकडेही जातं, पण आई आली तरी तिच्याकडे वळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी पुढे लहान मुलांच्या जिव्हाळ्याबद्दल जी मांडणी केली, तिला या निरीक्षणांचा मोठा आधार होता. रुग्णालयांचे भेटीचे नियम सैल व्हायलाही त्यांनी मदत केली.

टपालवाल्याच्या कडेवर बसलेली मुलगी धीट नव्हती. मोठं माणूस येतं, उचलतं, पाळी संपली की जातं, दुसरं येतं, हे तिला संस्थेत कळलेलं होतं. मावश्या जीव लावणाऱ्या असल्या, तरी पाळ्या बदलतातच. हे माणूस जाणार नाही, ही गोष्ट तिला अजून कोणी पटवलेली नव्हती.

(स्वयंपाकघर. आई भरवते आहे. कॅमेरा चमच्यावर.)

म्हणून या घराने पहिल्या काही आठवड्यांसाठी एक नियम केला. भरवणं, अंघोळ, कपडे बदलणं, झोपवणं, पडल्यावर उचलणं, हे सगळं फक्त आई आणि बाबा करतील. आजी, आत्या, शेजारीपाजारी घरी येतील, खेळतील, पण कडेवर घेणार नाहीत, खाऊ हातात देणार नाहीत. आजीला हे फार जड गेलं. इटलीतली नोन्ना काय आणि आपली आजी काय, नात घरात आणि हात रिकामे ही कल्पनाच तिला सोसवत नाही. पण तिने पाळलं. दारात येऊन भांडं ठेवायची आणि मुलीशी लांबूनच बोलायची. दत्तक मूल घरी आलं की मोठं बारसं घालून सगळ्या गोतावळ्याच्या हातांतून फिरवायचं, ही आपल्याकडची हौस मी समजू शकते. तरी सांगते, ते बारसं वर्षाने करा. बाळ कुठे जाणार आहे?

इटलीच्या कायद्याने दत्तक आईला जन्मदात्रीइतकीच, पाच महिन्यांची रजा मिळते. ती सगळी या कामी लागली.

खाण्याचं सोपं असेल असं वाटलं होतं. संस्थेच्या स्वयंपाकघरातून आईने लिहून आणलं होतं: मऊ भात, मुगाचं वरण, चिमूटभर हळद, तूप. तुरीनच्या भाजीबाजाराजवळच्या आशियाई दुकानात मूगडाळ मिळाली. ती खायची, पोट टम्म होईपर्यंत खायची, आणि ताटली उचलली की ओठ घट्ट मिटून बसायची. एकदा उशीखाली पावाचे तुकडे सापडले. संस्थेतून आलेल्या मुलांत ही गोष्ट अनेक ठिकाणी दिसते. ओरडायचं नाही, हिसकावायचं नाही. आईने तिच्या हाताला येईल अशा फळीवर केळी आणि बिस्किटं भरलेला डबा ठेवला. डबा कधीही रिकामा होत नाही, हे कळल्यावर ती आपणहून त्याच्याकडे बघेनाशी झाली.

अंघोळीचं उलटं झालं. टब पाण्याने भरलेला पाहताच ती ताठ झाली. ज्या मुलाला बादलीतलं पाणी तांब्याने अंगावर घ्यायची सवय, त्याला गळ्यापर्यंतच्या पाण्यात बसवणं म्हणजे बुडवणंच वाटणार. बाबांनी प्लास्टिकची बादली आणि एक छोटा तांब्या आणला. आता ती आधी बाहुलीला घालते, मग बाबांच्या पायांवर ओतते, मग स्वतःच्या.

बाबांशी जमायला वेळ लागला. संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्या बायका. दाढीवाला, जाड आवाजाचा माणूस तिने जवळून पाहिलाच नव्हता. बाबा खोलीत आले की ती आईच्या मागे जायची. त्यांनी जवळ जायचा हट्ट केला नाही. रोज संध्याकाळी जमिनीवर पालथे पडून ठोकळे रचायचे, तिच्याकडे पाठ करून. मनोरा पाडायला म्हणून ती पहिल्यांदा त्यांच्या अंगावर चढली.

(रात्र. खिडकीबाहेर बर्फ. पंख्याचा आवाज.)

आणि हा पंखा. बाहेर शून्याखाली तापमान आणि खोलीत पंखा चालू, भिंतीकडे तोंड करून. तिची छान सजवलेली वेगळी खोली होती, पण रांगेने पाळणे, शेजारच्या पोरांचे श्वास, डोक्यावर घरघरणारा पंखा, यांत झोपणाऱ्या मुलीला ती शांतता सोसेना. शेवटी आईबाबांच्या पलंगाला लागून तिची गादी आली आणि बाजारातून पंखा आला.

याच गादीवर एका रात्री ती रडायला लागली. कारण काहीच नव्हतं, किंवा सगळंच होतं. ‘मावशी, मावशी’ करत तासन्‌तास रडली, आईला ढकललं, चावली. दुसऱ्या रात्री पुन्हा. फोनवरून संस्थेच्या समाजसेविकेने आईला सांगितलं: ‘रडू द्या, फक्त एकटी नका सोडू. मावशीचं नाव घेतलं तर तुम्हीही घ्या.’ म्हणून आई मोडक्यातोडक्या मराठीत तिच्या शेजारी बसून म्हणत राहिली, मावशी पुण्यात, आई इथे. मावशीच्या आवाजातली ध्वनिफीत दिवसा लावायचे. त्या घरातलं सगळ्यांत शहाणपणाचं काम कोणतं असेल, तर मला हे वाटतं: ज्या बाईची तिला आठवण येते, त्या बाईला त्यांनी घरातून हद्दपार केलं नाही.

काही आठवड्यांनी ती ओट्याला आपटली, कपाळाला टेंगूळ आलं. खोलीत आजी जवळ होती, आई लांब. ती आजीला ओलांडून धावत आईकडे गेली आणि मग मोठ्याने भोकाड पसरलं. आजीचे डोळे भरून आले. इतके आठवडे तिने हात आवरून धरले होते ते याच्यासाठी.

(मुलगी अंगणात. इटालियन शब्द, मधेच एखादा मराठी.)

मराठी मात्र झपाट्याने जाते आहे. पहिल्या महिन्यांत ‘पाणी’, ‘शू’, ‘दुखतंय’, ‘नको’ हे शब्द आईबाबांनी पाठ करून ठेवले होते, त्यांनी तिला तारलं. आता ती इटालियनमध्ये भांडते. या वयात दत्तक गेलेल्या मुलांची पहिली भाषा काही महिन्यांतच ओसरते. ती पूर्ण पुसली जाते का? २०१४ साली माँट्रियलमध्ये एक अभ्यास झाला. चीनमधून तान्हेपणी आलेल्या, फ्रेंच बोलत वाढलेल्या मुलींना चिनी भाषेचा एक शब्दही येत नव्हता. पण चिनी भाषेतले आवाजाचे चढउतार ऐकवले की त्यांच्या मेंदूत चिनी बोलणाऱ्या मुलींसारखीच हालचाल दिसली. कोरियातून नेदरलँड्समध्ये गेलेल्या दत्तक मुलांनी मोठेपणी कोरियन ध्वनी शिकायला घेतले, तेव्हा तेही इतरांपेक्षा चांगले शिकले, असं २०१७च्या अभ्यासात आढळलं. म्हणून झोपताना मराठी बडबडगीतं अजून लावतात. तिला अर्थ लागत नसला, तरी लावतात.

तिचं पुण्यातलं नाव त्यांनी बदललं नाही. पुढे इटालियन नाव जोडलं, मागे टाकलं नाही.

दवाखान्याचं काम शांतपणे चालू आहे: लसींची पुन्हा खातरजमा, रक्त, क्षयाची चाचणी, पोटातले जंत, कान, डोळे. व्रणासाठी पुढे आणखी एक शस्त्रक्रिया लागेल. भारताला अहवाल जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा महिन्यांनी. तिसऱ्या अहवालात इटलीतल्या समाजसेविकेने लिहिलं आहे की मुलगी हट्ट करते, ‘नाही’ म्हणते, अनोळखी माणूस दिसला की आईच्या पायांना चिकटते. वाचणाऱ्याला तक्रार वाटावी अशी ही वाक्यं आहेत. पुण्यातल्या मावशीला ती वाचून दाखवली, तेव्हा तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, ‘आता लागली घराला.’

(कपाटाचा वरचा कप्पा. एक पेटी.)

या पेटीत अल्बम आहे, दोन शेंड्यांना बांधलेल्या लाल रिबिनी आहेत, जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची प्रत आहे. आई पेटी लपवत नाही, मुलगी मागेल तेव्हा काढून देते. मुळांचा शोध घ्यायचा हक्क नियमांनी तिला दिलेला आहे: अठरा वर्षांच्या आत आईबाबांसोबत, त्यानंतर स्वतःच्या अर्जावर. जन्मदात्यांची ओळख त्यांच्या संमतीशिवाय उघड होत नाही. पण ती कुठे होती, कोणत्या तारखेला आली, कोणी सांभाळली, हे संस्थेच्या नोंदींत आहे, आणि त्या नोंदी जपून ठेवणं हे पुण्यातल्या त्या कार्यालयाचं काम आहे.