ॲप्रन डॉक्टरांना, मग पेशंटला का नाही?

नमस्कार मंडळी. मांडीच्या हाडात रॉड टाकायचं ऑपरेशन चालू असतं. भूल कमरेत दिलेली, म्हणजे पेशंट जागाच. आम्ही शिशाचे जड ॲप्रन घालून उभे आहोत, हे त्याला दिसतं. मग तो विचारतो, "डॉक्टर, सगळ्यांनी घातलंय, मलाच का नाही?"

अगदी रास्त प्रश्न आहे.

टेबलाभोवती जे वाकडं मशिन असतं, ते सी-आर्म. एका टोकाला एक्स-रेची ट्यूब, दुसऱ्या टोकाला चित्र पकडणारा भाग, मधे तुमचा पाय. किरण पायातून आरपार गेले तरच हाड दिसणार. त्याच वाटेत शिसं ठेवलं, तर मशिन आपोआप किरणांचा जोर वाढवतं. म्हणजे डोस उलट वाढतो! आमच्यापर्यंत येतात ते तुमच्या अंगावरून फाकलेले किरण. एका वेळचे थोडेच, पण आम्ही तिथे रोज उभे असतो.

मग तुम्हाला किती बसतात? जमिनीतून, आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप) तसेही मिळतात. मनगट किंवा घोट्याच्या ऑपरेशनचा डोस त्यापुढे नगण्य. खुबा आणि मणक्याला जास्त, कारण तिथे शरीर जाड आणि आतले अवयव नाजूक.

खरा फरक पडतो तो हातांच्या सवयीने. ट्यूब कातडीपासून ६० सेंटिमीटरऐवजी ३० वर आली, तर कातडीवरचा डोस चौपट. म्हणून ट्यूब लांब, चित्राचा भाग अंगालगत.

सगळ्यात जास्त शॉट लागतात ते रॉडच्या खालच्या टोकाला स्क्रू बसवताना. रॉडमधलं भोक स्क्रीनवर आधी लांबट दिसतं. ते अगदी गोल दिसेपर्यंत मशिन थोडं थोडं फिरवायचं. मुरलेला टेक्निशियन दोन-तीन शॉटमध्ये गोल आणतो. नवखा किरण सोडायचं पायाखालचं पेडल दाबूनच ठेवतो. शेवटचं चित्र स्क्रीनवर राहतं, ते बघून विचार करावा, पाय पेडलवरून काढावा. माझ्या मते चांगला टेक्निशियन हाच पेशंटचा खरा ॲप्रन.

ताई, पाळी चुकली असेल, नुसती शंका असेल, तरी ऑपरेशनआधी सांगा. लाजू नका.

आणि पेडल सुटलं की किरण संपले. अंगात काही उरत नाही. घरी गेल्यावर नातवाला खुशाल जवळ घ्या.