माणूस बघून बोलणारी माणसं

नमस्कार श्रोतेहो.

बेळगावच्या गणपत गल्लीत गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत दुकानदाराची भाषा ठरलेली असते. लुगडं नेसण्याची ढब, डोक्यावरची टोपी, सोबतच्या पोराला मारलेली हाक, एवढ्यावरून तो ओळखतो की 'या काकू' म्हणायचं की 'बर्री अक्का'. अंदाज चुकला तर दुसऱ्या वाक्याला भाषा बदलतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. हाच माणूस सरकारी कचेरीत कन्नडमधून अर्ज देतो, संध्याकाळी मंडळाच्या बैठकीत ठेवणीतल्या मराठीत 'आपण सर्वांनी' म्हणतो आणि घरी आल्यावर भावाला विचारतो, 'काय करूलास?'

हे कसब आपण फार हलक्यात घेतो. 'धड मराठी नाही, धड कन्नड नाही' हे सीमाभागातल्या पोरांनी पुण्यात ऐकलेलं असतं, आणि घरातल्या शिकल्यासवरल्या मोठ्यांकडूनही. मला ते मुळीच पटत नाही.

'करूलोय' हेच घ्या. पुस्तकात आहे 'करतो आहे'. आपल्या रूपात 'करू लागलोय' दडलेलं आहे. आता कन्नडकडे बघा. पुस्तकी कन्नडमध्ये 'माडुत्तिद्देने', पण बेळगाव-धारवाडकडचा माणूस म्हणतो 'माडाकत्तीनी'. नीट फोडलं तर 'माडाक हत्तीनी'. हा 'हत्तु' अगदी आपल्या 'लागणे'सारखा: चिकटणंही तोच दाखवतो आणि सुरू करणंही. एक भाषा आर्य कुळातली, दुसरी द्राविडी. तरी दोघींनी आपापलं पुस्तकी रूप बाजूला ठेवलं आणि एकाच घाटाचं क्रियापद घडवलं. आधी कुणी घडवलं या वादात मी शिरत नाही. तसंच मुलींचं 'मी आलो'. त्यावर बाहेरचे हसतात. पण कन्नडमध्ये 'नानु बंदे' हे बाईही म्हणते आणि पुरुषही, 'मी' बोलताना क्रियापदात लिंग दिसतच नाही. आपल्या 'आलो'मागे हा शेजार असावा, असं मला वाटतं.

इथून जवळच, सांगलीला लागून असलेल्या कुपवाड गावाच्या बोलीवर जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली एक निबंध लिहिला. जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत तो आजही शिकवला जातो. त्या गावात जैनांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, शिवाय मराठी आणि थोडी तेलुगूही. त्यांना आढळलं की शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्याची बांधणी इतकी सारखी झाली की एका बोलीतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत जावं. बांधणी एक झाली, तर भाषाही एकच का झाली नाही? कारण घरची भाषा ही त्या घराची ओळख होती. ती कुणी सोडली नाही. आणि दोन समाजांची माणसं समोरासमोर आली की बोलणं मराठीत व्हायचं. गावातल्या बहुतेकांची ती घरची भाषा नव्हती, म्हणूनच ती सगळ्यांना चालायची. तिथं कुणी कुणाच्या उंबऱ्यात शिरत नव्हतं.

निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडचे श्रोते हे ऐकताना मान डोलावत असतील.

म्हणून शाळेतल्या बाईंना आणि गुरुजींना माझी कळकळीची विनंती आहे. पोरानं वर्गात 'जेवूलोय' म्हटलं तर त्याला 'अशुद्ध' म्हणून गप्प करू नका. उत्तरपत्रिकेत 'जेवतो आहे' लिहायचं, हे त्याला जरूर शिकवा, ते त्याला लागणारच आहे. पण फळ्यावर दोन्ही रूपं शेजारी शेजारी लिहा आणि विचारा: हे कुठं बोलशील, ते कुठं? वर्गात कन्नड घरातलं पोर असेल तर 'माडाकत्तीनी' त्याच्याकडून लिहून घ्या. मग 'लागणे' आणि 'हत्तु' पोरांचं पोरांनाच शोधू द्या.

नमस्कार.