घोडा गेला, पत्ता राहिला

नमस्कार मंडळी! मागे जो काळा घोडा दिसतोय ना, पाठ रिकामी, वर कोणी बसलेलं नाही, तो बघून बऱ्याच जणांना वाटतं की मुंबईतल्या या एरियाचं नाव, काळा घोडा, याच्यावरून पडलं. नाही हो. हा आलाय 2017 साली. नाव त्याच्या कितीतरी आधीचं.

ओरिजिनल पुतळा बसवला 1879 मध्ये. त्याच्या चार वर्षं आधी, 1875 ला, राणी व्हिक्टोरियाचा थोरला मुलगा, प्रिन्स ऑफ वेल्स, मुंबईत येऊन गेला होता, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससूनने तो शहराला भेट दिला. ससून म्हणजे तेच, ज्यांचा ससून डॉक, आणि पुण्याचं ससून हॉस्पिटल अल्बर्टच्या वडिलांच्या देणगीतून, समोरची डेव्हिड ससून लायब्ररीपण त्यांच्याच नावाची. शिल्पकार होता जोसेफ एडगर बोएम. ब्रॉन्झचा घोडा आणि त्याच्यावर ऐटीत बसलेले युवराज.

आता गंमत बघा. एवढा खर्च केला युवराजासाठी, आणि लोकांनी बघितलं काय, तर घोडा! वरच्या माणसाला कोणी विचारलंच नाही. पुढे 1901 ला तो सातवा एडवर्ड म्हणून राजा झाला तरी इथे फरक शून्य, टांगेवाल्याला सांगायचं काय तर "काळा घोडा". मुंबईची सवयच आहे ही. भायखळ्याला शेठ कर्सेटजी माणेकजींचा पुतळा आहे, त्याला सगळे म्हणतात खडा पारसी. उभा आहे ना, मग खडा. विषय संपला.

स्वातंत्र्यानंतर इंग्रजांचे पुतळे चौकात कशाला, अशी मागणी सुरू झाली आणि ती बरोबरच होती असं माझं मत. 1965 ला हा पुतळा इथून उचलला आणि नेला कुठे, तर राणीच्या बागेत. म्हणजे जी बाग मुळात याच्या आईच्या नावाने होती, व्हिक्टोरिया गार्डन्स, तिथेच पोराला नेऊन ठेवलं! आज ती जिजामातांच्या नावाने आहे, तरी आपण म्हणतो राणीची बागच.

इथे मग पार्किंग झालं. आणि माझ्या मते खरी स्टोरी इथून सुरू होते, कारण पुतळा होता तेव्हा नाव चालणारच, त्यात काय विशेष, पण घोडा नाही, घोड्याचा चौथरा नाही, गाड्या लावल्यात नुसत्या, आणि तरी कंडक्टर ओरडतोय काळा घोडा, टॅक्सीवाला विचारतोय काळा घोडा का, आणि ज्या पिढीने तो कधी बघितलाच नाही तीपण मित्रांना तिथेच भेटायला बोलावतेय! 1999 ला इथे आर्ट फेस्टिव्हल सुरू झाला, त्याचं नावपण तेच, आणि हळूहळू गॅलऱ्या, कॅफे, फेब्रुवारीतली ती गर्दी, हे सगळं मिळून काळा घोडा म्हणजे मुंबईचा कलेचा कोपरा असं समीकरण झालं. बावन्न वर्षं घोड्याशिवाय.

मग 2017 ला काळा घोडा असोसिएशनने नवा घोडा आणला. डिझाइन आर्किटेक्ट अल्फाज मिलर यांचं, शिल्पकार श्रीहरी भोसले. आणि वर स्वार नाहीच ठेवला. काही लोक म्हणतात अपूर्ण वाटतो, मला नाही वाटत, मुंबईकरांच्या नजरेत तो माणूस 1879 पासूनच तिथे नव्हता.

बरं, एडवर्ड साहेब अगदीच गायब नाहीत हां. परळचं केईएम हॉस्पिटल, त्यातला के आणि ई म्हणजे किंग एडवर्ड. ओपीडीच्या लाइनमध्ये उभं राहून कोण फुल फॉर्म आठवतंय!

जुना पुतळा बघायचा असेल तर सीएसएमटीवरून स्लो लोकल पकडा, तिसरं स्टेशन भायखळा, ईस्टला उतरा, पुढे चालत. युवराज अजून घोड्यावरच आहेत. फक्त बुधवारी जाऊ नका, बाग बंद असते.