गिटारचा बार सोडल्यावर तार चढते, ती का?

[जवळून: स्ट्रॅटोकॅस्टरचा ब्रिज. हात बार खाली दाबतो, तारा सैल पडतात, बार सुटतो. शेजारी ट्यूनरची पट्टी.]

स्ट्रॅटोकॅस्टर ही इलेक्ट्रिक गिटार. तारा जिथे टेकतात तो तिचा ब्रिज, आणि ब्रिज हलवून सूर खालीवर करणारा दांडा म्हणजे बार. बार दाबायच्या आधी तिसरी तार सुरात होती. बार सोडला, ब्रिज जागेवर आला, आणि सूर दाखवणाऱ्या ट्यूनरचा काटा मात्र उजवीकडेच थांबला. तार चढली. खुंटीला कुणी हातही लावलेला नाही.

अशा वेळी पहिला संशय खुंट्यांवर जातो आणि तार घट्ट पकडून ठेवणाऱ्या नव्या लॉकिंग खुंट्या मागवल्या जातात. पण खुंटी सरकत असेल तर तार उतरेल, चढणार कशी? तार चढली म्हणजे ती वाटेत कुठेतरी अडकली आहे.

[जुनं छायाचित्र: १९५०च्या दशकातली स्ट्रॅटोकॅस्टर. मग मागचं झाकण काढलेलं, स्प्रिंगा दिसतात.]

हा ब्रिज १९५४ सालचा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडरच्या कारखान्यातून स्ट्रॅटोकॅस्टर बाहेर पडली ती हा ब्रिज घेऊनच. त्याला ट्रेमोलो म्हणतात ते चुकीचंच आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं, इथे सूर खालीवर होतो. पण नाव चिकटलं ते चिकटलं. रचना सोपी आहे. पुढच्या कडेला सहा स्क्रू, त्यांच्यावर झुलणारी पट्टी, पट्टीखाली धातूचा ठोकळा आणि ठोकळ्याला मागून ओढणाऱ्या स्प्रिंगा. ९ ते ४२च्या संचात (सर्वांत बारीक तार ०.००९ इंच, सर्वांत जाड ०.०४२) सहा तारा मिळून सुमारे ३८ किलोंचा ताण देतात, १० ते ४६च्या संचात सुमारे ४७. हा ताण स्प्रिंगांनी तोलून धरलेला असतो.

[रेखाचित्र: नट, नटच्या दोन्ही बाजूंची तार.]

आता अडकणं कसं होतं ते पाहू. नट म्हणजे गळ्याच्या टोकाला बसवलेला, तारांसाठी खाचा असलेला आडवा तुकडा. बार दाबला की ब्रिज आणि नटमधला ताण जवळजवळ संपतो. नटपलीकडे, खुंटीपर्यंतच्या तुकड्यात मात्र तो शिल्लक असतो. तो तुकडा तार केसभर आपल्याकडे ओढून घेतो. बार सोडल्यावर ती केसभर तार नटच्या खाचेतून परत यायला हवी. खाच आवळलेली असेल तर येत नाही, आणि सूर चढा राहतो. बेंडमध्ये नेमकं उलट घडतं. तार बाजूला ताणली की पलीकडची तार आत येते. सोडल्यावर ती मागे गेली नाही, तर सूर उतरतो.

म्हणजे बार दाबल्यावर चढते आणि बेंडनंतर उतरते, अशी जोडी दिसली की चोर नटमध्ये आहे. खात्री करायची तर चढलेली तार एकदा बेंड करून सोडा. काटा मध्यावर आला तर प्रश्न मिटला. दुसरी खूण कानाला कळते. खुंटी हळूहळू फिरवताना सूर वर न जाता थांबतो आणि मग ‘टण्’ करून उडी मारतो.

एकदोन तारा बिघडत असतील तर नट, तारेवरची पकड किंवा गुंडाळी तपासा. सहाच्या सहा तारा एकाच दिशेने सरकत असतील तर नटकडे बघूही नका, ब्रिजकडे वळा.

[जवळून: नटच्या खाचेत कानस.]

नट बिघडायचं नेहमीचं कारण म्हणजे बदललेला संच. ९ ते ४२ काढून १० ते ४६ लावला की सहावी तार ०.०४२ इंचावरून ०.०४६ वर जाते. खाच मात्र जुन्याच मापाची राहते. खाच तारेपेक्षा साधारण ०.०५ मिलिमीटर रुंद हवी. त्यासाठी तारेच्या मापाची नट-कानस वापरतात. नसेल तर त्याच मापाच्या जुन्या तारेभोवती हजार नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खाचेच्या भिंती घासा. फक्त भिंती. तळ घासला तर तार खाली बसते, पहिल्या फ्रेटवर, म्हणजे गळ्यावरच्या पहिल्या धातूच्या आडव्या पट्टीवर, खरखरते, आणि मग नवा नट बसवण्यावाचून गत्यंतर नाही. तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा. पहिल्या फ्रेटवर कागदाएवढी फट दिसायला हवी. खाचेचा तळ खुंटीच्या बाजूला किंचित उतरता हवा, म्हणजे तार नटच्या पुढच्या कडेवरच टेकते.

शेवटी शिसपेन्सिल. २बी किंवा त्याहून मऊ शिसं खाचेत घासायचं. तेलाचा थेंब नको, तेलावर धूळ बसते आणि महिन्याभरात चिखल होतो. गंमत म्हणजे तंबोऱ्याच्या खुंटीला आपण खडू लावतो तो घर्षण वाढावं म्हणून. इथे पेन्सिल लावायची ती घर्षण जावं म्हणून.

[हेडस्टॉक, दोन बारक्या तारांवरची पकड.]

पहिल्या दोन तारांना हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या बसवलेल्या टोकावर, दाबून धरणारी छोटी पकड असते, स्ट्रिंग ट्री. पत्र्याची पकड तारेला करकचून धरते. तिच्या पोटातही पेन्सिल फिरवा, किंवा गुळगुळीत गोल पकड लावा. पावसाळ्यात कोकणपट्टीवर आणि मुंबईत तारा लवकर गंजतात. गंजलेली तार कितीही चांगल्या खाचेत अडकणारच, तिला काढून टाका.

खुंटीवर तारेचे वेढे मोजके हवेत. पीळदार तारांना दोन ते तीन, साध्या तारांना तीन ते चार, एकावर एक न चढता खाली उतरत गेलेले. जास्त वेढे म्हणजे घट्ट व्हायला जास्त तार. नवी तार बाराव्या फ्रेटवर बोटाने उचलून हलकेच ताणा, पुन्हा जुळवा. असं तीनचार वेळा. आणि सूर नेहमी खालून वर आणायचा. तार चढली तर आधी बरीच उतरवा आणि मग वर या, म्हणजे खुंटीच्या दात्यांमधली ढिलाई निघून जाते.

[ब्रिजचे सहा स्क्रू.]

आता सहाही तारा एकत्र सरकतात ती अवस्था. बार वापरून पट्टी लाकडाला टेकवा, दोन टोकांचे स्क्रू पट्टीला जेमतेम टेकतील इतके आवळा आणि अर्धा फेरा मागे घ्या. मधल्या चौघांचंही तसंच करा. घट्ट आवळलेल्या स्क्रूंमुळे पट्टी झुलते कमी आणि अडखळते जास्त. १९८६ सालच्या अमेरिकन स्टँडर्डपासून आलेल्या दोन खांबांच्या ब्रिजवर पट्टीची धार बोथट झालेली नाही ना, ते पाहा. तारांच्या ताणाखाली खांब वरखाली करू नका, धार तिथेच जाते.

[चार एटीएम कार्डं पट्टीच्या मागच्या कडेखाली सरकवलेली.]

फेंडरच्या मापाप्रमाणे पट्टीच्या मागच्या कडेखाली एक अष्टमांश इंच, म्हणजे साधारण ३.२ मिलिमीटर जागा असते. एटीएम कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड. चार कार्डं एकावर एक ठेवली की काम झालं. मागच्या पोकळीत स्प्रिंगा ज्याला अडकवतात त्या क्लॉचे दोन्ही स्क्रू आधी आवळून घ्या, म्हणजे पट्टी कार्डांवर दाबून बसेल. मग सहा तारा जुळवा. आता क्लॉचे स्क्रू अर्धा अर्धा फेरा सैल करत जा, दोन्ही सारखे, कार्डं सहज निसटेपर्यंत. तोल साधला. क्लॉला डाग देऊन जोडलेली अर्थिंगची वायर आहे, तिच्यावर स्क्रू ड्रायव्हर घसरू देऊ नका.

सूर कधी खाली, कधी वर हवा असेल तर तरंगता, म्हणजे लाकडाला न टेकलेला ब्रिज ठीक. फक्त खाली जायचं असेल तर तीन स्प्रिंगांच्या जागी पाच घाला आणि पट्टी लाकडाला टेकवून ठेवा. गिटारवादक एरिक क्लॅप्टन तर त्याही पुढे गेला, त्याने लाकडाचा तुकडा ठोकून ब्रिज जाम केला.

यातला फरक तार तुटली की कळतो. टेकवलेल्या ब्रिजवर उरलेल्या पाच तारा सुरात राहतात. तरंगत्या ब्रिजवर एक तुटली की ताण घटतो, स्प्रिंगा पट्टी मागे ओढतात आणि पाचही तारा एकदम चढतात. म्हणून तरंगत्या ब्रिजवर वाजवणाऱ्याच्या मागे, स्टँडवर दुसरी जुळवलेली गिटार उभी असते.

[दृश्य: रिकामा रंगमंच. स्टँडवर दुसरी गिटार.]