उशिरा आलेले उत्तर कोणाचे?

मित्रहो,

काही दशकांपूर्वी बँकेत पैसे काढायला गेले की काउंटरवरचा कारकून चेक ठेवून घेई आणि आपल्या हाती पितळेचे एक टोकन देई. मग रोखपाल क्रमांक पुकारेपर्यंत बाकावर बसून राहायचे. आता अशी कल्पना करा, की सत्तावीस क्रमांकाचा ग्राहक कंटाळून निघून गेला, कारकुनाने ‘गेला तो’ असे समजून त्याच क्रमांकाची चिठ्ठी दुसऱ्या माणसाला दिली आणि पाच मिनिटांनी रोखपालाने ‘सत्तावीस’ असा पुकारा केला. पहिल्याचे पैसे दुसऱ्याच्या हाती जातील, आणि त्यात रोखपालाची काहीच चूक नसेल. डिव्हाइस ड्रायव्हरमधला, म्हणजे संगणकाचे एखादे उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला, टाइमआउट (वाट पाहण्याची मुदत संपणे) हा विषय मुळात एवढाच आहे. उत्तर किती वेळात यावे हे ठरवणे सोपे असते. वाट पाहणे सोडून दिल्यानंतर जे उत्तर येते, ते कोणाचे, हे ठरवणे अवघड असते.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधील, म्हणजे तिच्या गाभ्यातील, उदाहरणे घेऊन बोलतो, कारण त्याचा कोड कोणालाही उघडून पाहता येतो. ड्रायव्हर उपकरणाला एक आज्ञा पाठवतो आणि ती पाठवणारा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमच्या कामाचा तो धागा, झोपी जातो. उपकरणाचे काम झाले की इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत, येतो, त्याला प्रतिसाद देणारा कोड, म्हणजे हँडलर, उत्तर जागेवर ठेवतो आणि झोपलेल्याला उठवतो. या झोपण्या-उठवण्यासाठी कर्नलमध्ये ‘कम्प्लीशन’ नावाची रचना आहे आणि तिच्या मर्यादित प्रतीक्षेच्या फंक्शनचे नाव ‘वेट फॉर कम्प्लीशन टाइमआउट’ असे आहे. वेळ संपली तर ते शून्य परत करते, आणि उत्तर वेळेत आले तर उरलेला वेळ घड्याळाच्या टिकटिकींत, म्हणजे किमान एक. कर्नलमधल्या बहुतेक फंक्शनांमध्ये शून्य म्हणजे यश आणि ऋण आकडा म्हणजे चूक, त्यामुळे सवयीने लिहिणारा माणूस इथे हमखास उलटी तपासणी लिहितो. मीही ती लिहिली आहे, आणि उपकरण नीट चालत असताना ड्रायव्हर ‘बिघाड’ म्हणून ओरडत का आहे, हे शोधण्यात एक अख्खा दिवस घालवला आहे.

पण ती चूक लगेच दिसते, म्हणून निरुपद्रवी. खरी घातक चूक महिनोन्‌महिने दिसत नाही. नवखा लेखक कम्प्लीशन आणि उत्तराची जागा या दोन्ही गोष्टी फंक्शनच्या स्टॅकवर, म्हणजे फंक्शन संपताच मोकळ्या होणाऱ्या मेमरीत, ठेवतो, त्यांचा पत्ता विनंतीत लिहितो आणि एक सेकंद थांबतो. वेळ संपते, फंक्शन चूक परत करून बाहेर पडते आणि स्टॅकवरची ती जागा पुढच्या कोणत्यातरी फंक्शनच्या वाट्याला येते. यानंतर उपकरणाचे उत्तर येते. हँडलरकडे अजून तोच जुना पत्ता असतो. तो इमानेइतबारे तिथे उत्तर लिहितो आणि ज्याने काही मागितलेच नव्हते अशा कोणाचा तरी चल (व्हेरिएबल) बदलून जातो. मशीन कोसळते ते भलत्याच ठिकाणी, आणि कोसळताना जी फंक्शने स्क्रीनवर दिसतात त्यांत आपल्या ड्रायव्हरचे नावही नसते.

उपकरण जेव्हा डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट मेमरीत लिहिते, तेव्हा हे आणखी गंभीर होते, कारण तिथे मधल्या हँडलरला थांबवूनही उपयोग नसतो. म्हणून एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यायला हवी. टाइमआउट झाला याचा अर्थ उपकरणाने काम सोडले असा होत नाही. आपला धीर संपला, एवढाच त्याचा अर्थ होतो. मेमरीचा ताबा अजून उपकरणाकडेच आहे, आणि तो परत मिळाल्याची खात्री होईपर्यंत ती जागा मोकळी करण्याचा अधिकार ड्रायव्हरला नाही.

यूएसबीच्या गाभ्यातील कोड ही खात्री कशी करून घेतो, ते पाहण्यासारखे आहे. तिथे विनंती पाठवून थांबणारे जे अंतर्गत फंक्शन आहे, ते वेळ संपल्यावर लगेच परतत नाही. ते आधी ती विनंती मारून टाकायला सांगते, आणि होस्ट कंट्रोलरने, म्हणजे संगणकाच्या बाजूने यूएसबी सांभाळणाऱ्या चिपने, ती खरोखर सोडून दिली आहे हे कळेपर्यंत पुन्हा थांबते. म्हणजे पाच सेकंदांची मर्यादा दिली, तर पाच सेकंदांनी फंक्शन परतेलच असे नाही. परतेल तेव्हा मात्र उशिराचे उत्तर येण्याची वाट बंद झालेली असेल. माझ्या मते ही अदलाबदल योग्य आहे. वेळेचा काटेकोरपणा थोडा सोडून मेमरीची सुरक्षितता विकत घेतली आहे.

आता नेमक्या सीमारेषेवरची गोष्ट. टायमर वाजतो आहे आणि त्याच क्षणी, दुसऱ्या प्रोसेसरवर, उत्तराचा इंटरप्टही आला आहे. दोघांनाही वाटते की ही विनंती आपण निकाली काढायची. दोघांनीही काढली, तर एकच मेमरी दोनदा मोकळी होते. यावर उपाय एकच: विनंतीची स्थिती एका अविभाज्य क्रियेने बदलायची, जो आधी बदलेल तो मालक, आणि ज्याला ती आधीच बदललेली दिसेल त्याने हात न लावता बाजूला व्हायचे. ‘आधी स्थिती वाचू, मग बदलू’ असे दोन पायऱ्यांत लिहिले की त्या दोन पायऱ्यांच्या फटीतून दुसरा आत शिरतोच.

याला लागून एक बारकावा आहे. उपकरणाचे रजिस्टर, म्हणजे त्याची स्थिती सांगणारी छोटी जागा, पुन्हा पुन्हा वाचून वाट पाहणारे ड्रायव्हर असतात. असा थ्रेड दोन वाचनांच्या मध्ये झोपलेला असताना प्रोसेसर दुसऱ्याच कामात अडकला, तर तो जागा होतो तेव्हा मर्यादा उलटून गेलेली असते, पण उपकरणाने दरम्यान उत्तर दिलेलेही असते. म्हणून कर्नलमधले अशा वाचनाचे तयार मॅक्रो (कोडचे साचे) वेळ संपल्यावर रजिस्टर शेवटचे एकदा वाचून मगच निकाल देतात. स्वतः लूप लिहिणारे लोक हे शेवटचे वाचन विसरतात.

वेळ मोजण्याबद्दल थोडक्यात सांगतो. कर्नलचे ‘जिफीज’ नावाचे घड्याळ ३२ बिटी मशीनवर, सेकंदाला १००० टिकटिकी असतील तर, सुमारे ४९.७ दिवसांनी पुन्हा शून्यावर येते. साध्या ‘पेक्षा मोठे’ या तुलनेने लिहिलेला टाइमआउट त्या क्षणी चुकतो. ही चूक पन्नास दिवस लपून राहू नये म्हणून कर्नलच्या लेखकांनी घड्याळाची सुरुवातच अशी ठेवली आहे, की मशीन सुरू झाल्यावर पाच मिनिटांतच ते एकदा गुंडाळले जाते. इतका शहाणा खोडकरपणा मला फार थोड्या ठिकाणी दिसला आहे.

आता एनव्हीएमई डिस्क, म्हणजे त्या नावाच्या मानकानुसार संगणकाशी बोलणारी वेगवान एसएसडी, घेऊ. इथे ड्रायव्हर मेमरीतल्या एका रांगेत ६४ बाइटची आज्ञा ठेवतो, तिला १६ बिटांचा क्रमांक देतो आणि डिस्क दुसऱ्या रांगेत तोच क्रमांक घातलेली १६ बाइटची पोचपावती ठेवते. लिनक्समध्ये वाचन-लेखनाच्या आज्ञेसाठी मूळ मर्यादा ३० सेकंदांची आहे. ती संपल्यावर ड्रायव्हर काय करतो, याचा क्रम लक्षपूर्वक पाहावा. आधी तो पोचपावत्यांची रांग स्वतः तपासतो. पुष्कळदा उत्तर तिथे येऊन पडलेले असते आणि फक्त इंटरप्ट हरवलेला असतो. पत्र पेटीत पडले होते, पोस्टमनने हाक तेवढी मारली नव्हती. तसे असेल तर ड्रायव्हर लॉगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, नोंद करतो आणि विनंती यशस्वी म्हणून पुढे जाते.

रांग रिकामी असेल, तर ड्रायव्हर ‘ती अमुक क्रमांकाची आज्ञा रद्द कर’ अशी नवी आज्ञा पाठवतो आणि मूळ विनंतीला पुन्हा तितकाच वेळ देतो. रद्द करण्याची आज्ञा ही विनवणीच असते. डिस्कने ती मानलीच पाहिजे असे मानकात नाही. शिवाय ही आज्ञादेखील एक संदेश आहे, तिलाही उत्तर यायचे आहे आणि तिचाही टाइमआउट होऊ शकतो. म्हणूनच त्याच विनंतीची वेळ दुसऱ्यांदा संपली, किंवा व्यवस्थापनाच्या रांगेतलीच आज्ञा अडकली, की ड्रायव्हर आर्जव सोडून सबंध कंट्रोलर, म्हणजे डिस्क चालवणारी चिप, रीसेट करतो. अडकलेल्या विनंत्यांची मेमरी तो मोकळी करतो ती कंट्रोलर बंद केल्यावर, म्हणजे डिस्कचा मेमरीवरचा हात काढून घेतल्यावर. कंट्रोलर तयार होण्यासाठी किंवा थांबण्यासाठी किती वेळ द्यायचा, हेही ड्रायव्हर मनाने ठरवत नाही. डिस्कच्या एका रजिस्टरमध्ये तो आकडा अर्ध्या सेकंदाच्या एककात लिहिलेला असतो. ‘एक सेकंद पुरे’ असे अंदाजाने लिहिण्यापेक्षा उपकरणालाच विचारणे केव्हाही बरे.

आणि तरीही टोकनाचा प्रश्न उरतोच. सदोष डिस्कने एकच पोचपावती दोनदा दिली, किंवा जुन्या आज्ञेची पावती वरातीमागून घोडे यावे तशी आली, आणि तोवर तो क्रमांक नव्या आज्ञेला दिला गेला असेल, तर नवे वाचन पूर्ण झाले असे समजून रिकामी मेमरी वाचकाच्या हाती दिली जाते. २०२१ साली लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये यावर एक उपाय आला. १६ बिटांच्या क्रमांकातले १२ बिट खऱ्या क्रमांकासाठी ठेवून उरलेल्या चारांत पिढीचा आकडा घातला. तो क्रमांक पुन्हा वापरताना दर वेळी हा आकडा एकने वाढतो. पावतीतली पिढी जुळली नाही, तर ड्रायव्हर लॉगमध्ये तक्रार लिहितो आणि ती पावती फेकून देतो. चार बिटांत सोळाच पिढ्या मावतात, तेव्हा हे संरक्षण पूर्ण नाही. पण सोळा फेऱ्या उशिरा येणारी पावती ही एक फेरी उशिरा येणाऱ्या पावतीपेक्षा पुष्कळ दुर्मीळ असते.

गंमत म्हणजे हा बदल येताच ॲपलचे काही कंट्रोलर चालेनासे झाले. ते आज्ञेचा क्रमांक हा नुसता शिक्का न मानता आपल्या अंतर्गत तक्त्यातला अनुक्रमांक म्हणून वापरत होते, आणि पिढीचे बिट वर चढल्यावर तो अनुक्रमांक तक्त्याबाहेर गेला. अखेर त्या कंट्रोलरांपुरता पिढीचा आकडा बंद ठेवणारा अपवाद त्याच वर्षी ड्रायव्हरमध्ये घालावा लागला.

ज्यांना हे सगळे डोळ्यांनी पाहायचे असेल, त्यांच्यासाठी कर्नलमध्ये मुद्दाम बिघाड घडवण्याची सोय आहे. ती चालू करून कर्नल बांधला (कंपाइल केला), की ठरावीक प्रमाणात डिस्कची उत्तरे गिळून टाकता येतात आणि वर सांगितलेला रद्द करण्याचा आणि रीसेटचा क्रम लॉगमध्ये ओळीने उमटताना दिसतो. प्रयोग आभासी मशीनवरच करावा, आणि ज्या डिस्कवरून ते मशीन सुरू झाले आहे तिच्यावर तर मुळीच करू नये, कारण मग लॉग लिहायलाही डिस्क उरत नाही.